साभार परत पाठवणारी बाई

मुंबईबाहेरच्या नायगावच्या कोळीवाड्यातल्या फिलूबाय. माझं पहिलं पुस्तक छापलं गेलं ते या बाईंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगायच्या भरात राहून गेलं तर माझ्या जिवाला चैन पडायची नाही. तशी ती मला एरवीही कमीच पडते. आजसुद्धा टपालपेटीत काही टाकलं की मी पेटीच्या तोंडात हात घालून बघतो, आत नीट पडलं की मधेच अडकलं.

मी उत्तम, हिंगणघाटकडचा. शाळा सातवीत सुटली. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा गावच्या एकाच्या ओळखीने वालीवला आलो आणि पितळी तोट्यांना पॉलिश करायच्या कारखान्यात लागलो. राहायला नायगावला, पाच जणांत एक खोली. कामावर सायकलने. घर इतकं लांब की आईला पत्र पोचून, कुणीतरी तिला वाचून दाखवून, कुणाकडून तरी उत्तर लिहून येईपर्यंत मी जे विचारलं होतं ते मीच विसरलेला असायचो. त्या एकटेपणात मी आमच्या गावच्या जिनातल्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातल्या, बायकांच्या गोष्टी लिहायला लागलो. बारा गोष्टी झाल्या. पुस्तक करायचं डोक्यात आलं. पुस्तक कसं करतात हे मात्र ठाऊक नव्हतं. एका पुस्तकाच्या मागच्या पानावर गिरगावातल्या एका नावाजलेल्या प्रकाशनाचा पत्ता होता, तो उतरवला, वह्यांचं पार्सल बांधलं आणि रजिस्टर करायला टपाल कचेरीत रांगेला लागलो.

माझ्या मागे एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, जाडसर लुगडं, चष्मा काळ्या दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी पार्सलावरचा पत्ता वाचला आणि न विचारता ते माझ्या हातातून काढून घेतलं. तळहातावर दोनदा वर-खाली केलं.

"पाठपोट लिहिलंस," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"वजनाला कमी नि अंगानं फुगलेलं. दोन्ही बाजूंनी बॉलपेन दाबलं की कागद असाच फुगतो. दुसरी प्रत कुठंय?"

"दुसरी?"

"म्हणजे एकच आहे." त्यांनी पार्सल मला परत दिलं नाही, स्वतःच्या पिशवीत टाकलं. "चल रांगेतून बाहेर. त्या पत्त्यावर आलेलं एकेक पार्सल अठरा वर्षं मी फोडलंय. आणि त्यातली बहुतेक मीच परत पाठवलीत."

एक तर अनोळखी बाईने माझा सगळा ऐवज पिशवीत घातलेला, आणि वर ती म्हणते मी परत पाठवणारी. मी पिशवीवर नजर ठेवून तिच्या मागून चालत गेलो.

त्या फिलूबाय. अठरा वर्षं प्रकाशकाच्या कचेरीत त्यांचं टेबल दाराशी होतं. आलेलं बाड उघडायचं, वहीत नोंदवायचं, आत पाठवायचं, आणि आतून नकार आला की 'साभार परत' अशी छापील चिठ्ठी लावून पुन्हा बांधायचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नोकरी सोडली. आई गेली, त्या परत गेल्या नाहीत. आता भाऊ आंतोन होडी घेऊन खाडीत जायचा आणि त्या आवारात बांबूंवर बोंबील वाळत घालायच्या. कोळीवाड्यात त्यांना 'ऑफिसवाली' म्हणत. माझ्याशी त्या कचेरीतलं शुद्ध मराठी बोलायच्या, पण तेवढ्यात शेजारीण हाक मारून गेली की "पानी आलं काय गो?" असं सहज तोंडात यायचं आणि मग पुढची दोन-चार वाक्यं माझ्याशीही तशीच.

त्यांची वाचायची रीत विचित्र होती. बाड हातात आलं की पहिलं पान त्या बघतच नसत. बोटाने मोजत मोजत चाळिसावं पान काढायच्या.

"पहिलं पान सगळेच आंघोळ घालून, पावडर लावून पाठवतात," त्या म्हणायच्या. "चाळिसाव्या पानावर माणूस घरच्या कपड्यांत असतो. तिथं भेटायचं."

माझं चाळिसावं पान त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग बसून पुढचं एक. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंडावर काहीही दिसलं नाही.

"उतरवून काढ," एवढंच म्हणाल्या. "सगळं. कागदाच्या एका बाजूला. डावीकडे चार बोटं जागा सोड."

"कार्बन घालून दोन प्रती करू?"

"कार्बन नको. हाताने उतरव. उतरवताना जिथं तुझा हात कंटाळेल, तिथं वाचणारा तुझ्या कितीतरी आधी कंटाळलेला असतो. तिथं खूण कर."

चार महिने मी उतरवत होतो. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पॉलिशची काळी बोटं रॉकेलने धुवायची, पुसायची आणि लिहायला बसायचं. तरी कडेला अंगठे उमटायचेच. रविवारी खोलीतले चौघे चिंचोटीला धबधब्यावर गेले की खोली माझी. "लेखक, यायचंय का?" असं ते दारातून ओरडायचे आणि हसत निघून जायचे. माझा हात नऊ ठिकाणी कंटाळला. नऊच्या नऊ जागा मी फिलूबायना दाखवल्या. त्यांनी सात काढायला लावल्या आणि दोन ठेवल्या. "इथं तू कंटाळला नाहीस, घाबरलास. ते राहू दे."

मग पत्र. बाडासोबत पाठवायला मी तीन पानी पत्र लिहिलं होतं. मी अल्पशिक्षित आहे, सातवीत शाळा सुटली, परिस्थिती हलाखीची, चुका असतील त्या पदरात घ्याव्या आणि हे वेडंवाकडं गोड मानून घ्यावं.

"गोड मानून घ्यायला हा प्रसाद आहे काय?" फिलूबायनी पत्राचे चार तुकडे केले. "असली पत्रं मी पोत्याने वाचलीत. आतल्या साहेबाने असं पत्र वाचलं की बाडाला हात लावायच्या आधीच तो दमतो. लिही. नाव, पत्ता, बारा गोष्टी, पानं इतकी. परतीच्या टपालाची तिकिटं सोबत जोडली आहेत. संपलं."

"शाळेचं काहीच नको?"

"शाळा तू सोडलीस. बाडाने नाही सोडली."

"आणि तुमचं नाव? म्हणजे, तुम्ही वाचलंय असं…"

त्या एकदम ताठ झाल्या. "माझं नाव घातलंस तर हे बाड आत्ता चुलीत घालीन. ओळखीवर आत गेलेलं पुस्तक मी पाहिलंय. त्याला सगळे बसायला पाट देतात, जेवायला कोणी वाढत नाही."

बाड बांधताना त्या रंगात येऊन लेखकांच्या गमती सांगायच्या. एक जण पानांत केस ठेवायचा, परत आल्यावर केस जागेवर आहे का बघायला. एकाने दर दहाव्या पानात कडुलिंबाचं पान ठेवलं होतं. "आणि चिकटवणारे! मधलीच दोन पानं भाताच्या शिताने चिकटवायची. उघडली तर वाचलं, नाही तर नाही. काय रे जीव एकेकाचा!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

दुसऱ्या कुणी यातून शहाणपण घेतलं असतं. मी युक्ती घेतली. पार्सल करायच्या आदल्या दिवशी डब्यातलं एक शीत घेऊन नव्वद आणि एक्याण्णव ही पानं मी कडेला चिकटवली. फिलूबायना बोललो नाही.

बाड गेलं आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. आठवडाभरात पोचल्याचं कार्ड आलं. मग काही नाही. पंधराव्या दिवशी मी पोस्टकार्ड लिहिलं, 'माझ्या हस्तलिखिताचे काय झाले, कृपया कळवावे.' फिलूबायनी ते माझ्या हातातून घेतलं. "मी उद्या टाकते. मजकुरावर एकदा नजर घालते." पुढच्या पंधरवड्यात दुसरं, मग तिसरं. दर वेळी त्या म्हणायच्या, "दे, मी टाकते." टपाल वाटणारा दिसला की मी सायकल त्याच्या आडवी घालायचो. कारखान्यात तोटी घासताना हात चाकावर गेला आणि नख उडालं. मुकादम म्हणाला, "लक्ष कुठंय तुझं? हिंगणघाटला?" लक्ष गिरगावात होतं.

चौथ्या महिन्यात बाड परत आलं. शनिवारी टपालवाल्याने शेजारी ठेवलेलं ते मला रविवारी सकाळी मिळालं. वर ती छापील चिठ्ठी. पण मी आधी चिठ्ठी वाचलीच नाही. नव्वदावं पान काढलं. सुटलेलं होतं! दोन्ही पानं स्वच्छ वेगळी. मी तसाच सायकलवर बसलो आणि कोळीवाड्यात पोचलो. फिलूबाय मिस्सा, म्हणजे रविवारची चर्चमधली प्रार्थना, आटपून नुकत्याच आल्या होत्या, डोक्यावरचा पदरही उतरला नव्हता.

"बाय, परत आलं! पण वाचलं त्यांनी! सगळं वाचलं!"

"कशावरून?"

मी शिताची हकिकत सांगितली. वाटलं, रागावतील. त्या रागावल्या नाहीत. बाड घेऊन खिडकीशी गेल्या, चष्मा लावला आणि नव्वदाव्या पानाच्या कडेवरून अंगठा वरून खाली फिरवला. मग एक्याण्णवाव्या पानाच्या. पुन्हा एकदा. मग खुर्चीवर बसल्या.

"वाचणारा माणूस पान ओढतो," त्या हळू बोलल्या. "ओढलं की टरकतं, नाही तर शीत एकाच पानाला चिकटून राहतं. हे बघ. शीत मधोमध कापलंय. लिफाफे फोडायच्या सुरीने. वरून खाली." मग म्हणाल्या, "हे काम माझं आहे."

मला कळेना.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी एक मास्तर आले होते. परत मिळालेलं बाड घेऊन. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, चिकटवलेली पानं दाखवली आणि रडले. साठीचा माणूस. मला ते बघवलं नाही. त्या दिवसापासून परत जाणारं प्रत्येक बाड मी चाचपायची. कुठं चिकटलेलं लागलं की सुरी घालायची. वाटू दे बिचाऱ्यांना, कुणीतरी वाचलं. सोडताना माझ्या जागी आलेल्या मुलीलाही शिकवलं. मला वाटायचं, पुण्य करते."

त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी कुठं बघावं हे मला कळत नव्हतं.

"आज तू नाचत आलास," त्या म्हणाल्या. "असे किती नाचले असतील, उत्तम? वाचून नाकारलं असं समजून किती जणांनी लिहिणंच सोडलं असेल?"

मी काहीतरी पुटपुटलो, जाऊ द्या बाय, नशीब. त्यांनी ऐकलं नाही. कपाटातून माझ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. सहाच्या सहा. एकही टाकलं नव्हतं. "ही पाठवली असतीस तर दुसऱ्याच महिन्यात परत आलं असतं. हे मी बरोबर केलं. ते दुसरं चुकलं." आणि बाडावर हात ठेवला. "हे आज माझ्याकडे राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी कामाला दांडी मारून कोळीवाड्यात गेलो तर घरात फक्त आंतोन. जाळं शिवत बसलेला.

"गेली ममईला, गिरगावात," तो म्हणाला. "तुझं बुक घेऊन. पाच वर्सं झाली, ममईचं नाव नाय काढलं तिनं. माझी दाढ दुखत होती तवा म्हनलं, चल गो डॉक्टरकडं, तर म्हनाली मिठाचं पानी धर. नि तुझ्यासाठी चपला घालून गेली."

"कधी येतील?"

"मला काय विचारतंस? मी काय ऑफिसवाला हाय?" मग माझा चेहरा बघून त्याने सुई थांबवली. "बस. च्या घे. तिनं एकदा बसकन मारली की समोरचा उठतो, ती नाय उठत."

मी चहा घेतला. दिवसभर मी त्या आवारात बसून होतो. शेजारच्या बायका बोंबील उलटवायला आल्या आणि मला बघून आपापसांत हसल्या. माझ्या मनात एकच होतं. या बाईने आपला नेम माझ्यासाठी मोडला, आणि तिथं तिचा अपमान झाला तर मी तिला तोंड कसं दाखवू? पुस्तक गेलं चुलीत, असंही एकदा वाटून गेलं. मग वाटलं, नको, चुलीत नको.

उन्हं उतरताना त्या आल्या. बाड छातीशी धरलेलं.

"मी शिफारस केली नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. "साहेबांना एवढंच म्हटलं, मी इथं अठरा वर्षं खोटं काम केलं, ते एकदा खरं करायचंय. चाळिसाव्या पानापासून दहा पानं वाचा, माझ्यासमोर. मग नाही म्हणा, मी गुपचूप जाते."

"मग?"

"दुपारी जेवायला उठायच्या आत वाचतो म्हणाले. मी म्हटलं, बसते. दहाची सव्वीस पानं वाचली. मग म्हणाले, फिलोमिना, हे चिठ्ठी लावायच्या लायकीचं नव्हतं."

"म्हणजे छापणार?"

"नाही. त्यांची दोन वर्षांची पुस्तकं ठरलीत. उगाच खोटी आशा दिली नाही, ते आवडलं मला." त्यांनी लुगड्याच्या ओच्यातून घडी घातलेला कागद काढला. "दादरच्या एका लहानशा प्रकाशकाचं नाव दिलंय. आणि एक सांगितलंय. पहिल्या दोन गोष्टी काढ. पुस्तक तिसरीपासून सुरू होतं."

पहिली गोष्ट माझी सर्वांत लाडकी. गरिबीवर तिच्यात चांगली चार पानं होती. मी तोंड उघडलं, पण फिलूबाय दमलेल्या होत्या आणि दमल्या की त्या आणखी खरं बोलायच्या.

"ती तू लोकांना दाखवायला लिहिलीस," त्या म्हणाल्या. "तिसरी लिहिताना लोक आहेत हे तू विसरला होतास. आता घरी जा. नि कामावर जा उद्या."

मी त्या दोन गोष्टी काढल्या आणि बाड दादरला पाठवलं. दादरच्या प्रकाशकाचं पत्र यायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी एकही पोस्टकार्ड लिहिलं नाही असं म्हणणं खोटं होईल. लिहिली, आणि फिलूबायच्या हातात देत गेलो. त्या काय करतात ते आता आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "दे, मी टाकते," त्या म्हणायच्या आणि मी "टाका हां नक्की" म्हणायचो. 'घेतो' असं पत्र आलं, त्यानंतर छपाईला आणखी एक वर्ष. तपासायला कच्ची पानं आली तेव्हा भीतीने मी अर्धं पुस्तक बदलायला निघालो होतो. फिलूबायनी लाल पेन काढून घेतलं. "छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला बायकापोरं आहेत," म्हणाल्या. "जे चुकलंय तेवढंच सुधार. जे आवडत नाही ते पुढच्या पुस्तकात बदल."

त्या पानांत दोन ठिकाणी ओळी उलट्यापालट्या झाल्या होत्या, त्या आम्ही दोघांनी मिळून जुळवल्या. तेवढी पानं मी वाचायचो, त्या ऐकायच्या. तेवढं सोडलं तर त्यांनी माझं लिखाण कधी सलग वाचलं नाही, इकडचं तिकडचं पान सोडून. मीही विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं तर काय, ही भीती होतीच.

पुस्तक हातात आलं त्याच महिन्यात वालीवचा कारखाना बंद पडला. मालकाने गुजरातेत नवीन काढला आणि आमच्यातल्या तिघांना तिकडे नेलं. निघायच्या दिवशी सकाळी एक प्रत वर्तमानपत्रात गुंडाळून मी कोळीवाड्यात गेलो. होडी नुकतीच लागली होती. फिलूबाय आवारात पाटावर बसून मासळी साफ करत होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले.

"लांब धर, लांब धर!" त्या ओरडल्या. "वास लागला तर जन्मभर जायचा नाही."

मी पुस्तक त्यांच्यासमोर उघडून धरलं आणि उकिडवा बसलो. त्यांनी नाकावरचा चष्मा खांद्याने वर सरकवला. पहिलं पान वाचलं. पहिलं! मग म्हणाल्या, "पलट." मी पलटलं. हात चालू, सुरी चालू, डोळे पुस्तकात. "पलट." आंतोन येऊन एकदा बघून गेला आणि टोपली उचलून घेऊन गेला. माझी गाडी दुपारची होती. मी वेळ झाली म्हणालो नाही. माझे पाय सुन्न झाले होते. पहिली गोष्ट, म्हणजे बाडातली तिसरी, संपली, ती आईची होती. जिनात कापूस निवडता निवडता मुलाला पाढे शिकवणारी आणि स्वतःला पाढे न येणारी.

फिलूबायनी सुरी खाली ठेवली.

"ही आहे अजून?"

"आहे. गावीच असते."

"तिला वाचून दाखवलंस?"

"नाही." मी पुस्तक मिटलं. "तिला वाटलं, जगाला सांगत सुटलाय, तर?"

"सगळ्या जगाला भ्यायलास, ते समजलं. आईला पण?" त्या हसल्या नाहीत. "आधी तिच्यापुढं बस नि वाच. मग मला तिच्याकडे घेऊन जा. मी ममईच्या पलीकडे कुठं गेले नाही. ही बाई मला बघायचीय. नुसतं शेजारी बसायचंय."

मग ओल्या हाताचा कोपर त्यांनी माझ्या खांद्याला लावला, तो आशीर्वाद होता की 'ऊठ आता', मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं तर पुस्तक ओट्यावर ठेवलेलं होतं, वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्यावर पितळी तांब्या, आणि त्या हात धुवायला घरात चालल्या होत्या.

त्याला आता चार वर्षं झाली. आईला मी मागच्या दिवाळीत वाचून दाखवलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, "त्या बाईला जेवायला काय लागते?" मी म्हणालो, मासळी. आई म्हणाली, इथं कुठून आणायची, मी वरण-भाजी करीन, पोटभर करीन.

फिलूबाय, या उन्हाळ्यात रजा मिळेल असं वाटतं. नाही मिळाली तर पुढच्या. मी तुम्हाला न्यायला येणार आहे. नायगावपासून हिंगणघाटपर्यंत तुमची पिशवी मी उचलीन आणि तुम्हाला माझ्या आईशेजारी बसवीन.